टाक्यातला माणूस

शब्बाथ शाळेत छळाच्या ज्या गोष्टी ऐकायला मिळतात, त्यांचा शेवट बहुधा गोड असतो. दानीएल सिंहांच्या गुहेतून धडधाकट बाहेर येतो. शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो भट्टीतून निघतात तेव्हा त्यांच्या कपड्यांना धुराचा वाससुद्धा नसतो. मुलं निर्धास्त होऊन घरी जातात. यिर्मयाची गोष्ट मला रंगीत चित्रं दाखवून कोणी सांगितली नाही. ती मोठेपणी, एकट्यानंच वाचावी लागली. तिच्यात सिंह नाहीत, ज्वाळा नाहीत. चिखल आहे.

इ.स.पू. ५८७च्या आसपासचं यरुशलेम. बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, शहरातलं धान्य संपत आलेलं. आणि अशा वेळी हा म्हातारा होत चाललेला संदेष्टा सांगतोय की, शहर पडणार आहे. शरण जाल तर जगाल. चार सरदार सिद्कीया राजाकडे गेले. हा माणूस सैनिकांचे हात गळवतो, याला मारून टाका, म्हणाले. राजा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे माझं काय चालणार, एवढं बोलून मोकळा झाला. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी मल्कीयाच्या टाक्यात सोडलं. हे टाकं पहारेकऱ्यांच्या चौकातलं होतं.

आपल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी असतात, तशीच ही यरुशलेमची टाकी. पण तिथली बरीचशी वर अरुंद आणि खाली रुंद. आतून चुन्याचा गिलावा. हिवाळ्यातल्या पावसाचं पाणी त्यांत साठायचं आणि उन्हाळा सरेपर्यंत पुरवून वापरायचं. पाणी संपलं की तळाशी गाळ उरतो. या टाक्यात पाणी नव्हतं, गाळ होता, आणि यिर्मया त्यात रुतला. चढून यायला भिंतींचा आधार नाही. रक्त सांडायचं नाही, पण माणूस मरावा, अशी ही सोय. कोणाच्याच हाताला डाग लागत नाही.

यातलं मला सर्वांत जास्त सलतं ते असं, की छळणारे परके नव्हते. यिर्मया याजकांच्या घरातला, यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावचा. इ.स.पू. ६२७च्या सुमाराला त्यानं बोलायला सुरुवात केली आणि पुढची चाळीसेक वर्षं तो बोलत राहिला. त्याच्या जिवावर पहिल्यांदा उठले ते अनाथोथचेच लोक. त्याला फटके मारून खोड्यात अडकवलं ते मंदिराचा अधिकारी असलेल्या पशहूर याजकानं. सिद्कीयाच्या आधीचा यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसून त्याची गुंडाळी वाचून घेत होता. तीनचार स्तंभ वाचून झाले की चाकूनं तेवढा तुकडा कापायचा आणि निखाऱ्यांवर टाकायचा, असं करत त्यानं सगळी गुंडाळी जाळली. यिर्मयानं आपला लेखनिक बारूख याला बसवून ती पुन्हा सांगितली, आणि आणखी बरीच भर घातली.

पण या माणसाला पोलादी समजू नये. जन्मलो तो दिवस जळो, असं तो म्हणाला आहे. तू मला फसवलंस आणि मी फसलो, असं त्यानं देवाला तोंडावर सुनावलं आहे. गप्प बसायचं ठरवलं तर हाडांत आग कोंडल्यासारखं होतं, हेही त्याचंच गाऱ्हाणं. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी ही तक्रार गाळली नाही, हे त्यांचे उपकार. छळात हसतमुख राहणं ही श्रद्धेची अट असती, तर यिर्मया पहिल्याच परीक्षेत नापास झाला असता.

त्याला वर काढायला देवदूत आला नाही. आला एबद-मलेख, राजवाड्यात चाकरीला असलेला कूशी खोजा. परका आणि काळा. मंदिराच्या रिवाजात ज्याला उभं राहायला जागा नव्हती, असा. राजा तेव्हा बन्यामीन वेशीत बसला होता. याच वेशीत यिर्मयाला आधी फितूर म्हणून पकडलं होतं. एबद-मलेख तिथे गेला आणि या लोकांनी वाईट केलं, तो उपाशी मरेल, असं राजाला चारचौघांत बोलला. राजानं माणसं दिली. मग हा गृहस्थ वाड्यातल्या भांडाराखाली गेला आणि जुनेर, चिंध्या गोळा करून आला. दोराबरोबर त्या खाली सोडल्या आणि सांगितलं, या बगलेत धर आणि मग दोर लाव. रुतलेला माणूस ओढताना दोर काखेत काचतो. एवढा विचार त्यानं त्या घाईत केला. शहर उपाशी आहे, सरदार डूख धरून आहेत, आणि हा एका कैद्याची कातडी सोलू नये म्हणून चिंध्या शोधतोय! अख्ख्या बायबलमध्ये याहून कोवळी कृती मला चटकन आठवत नाही.

सरदारांचं काय उरलं? यरुशलेमच्या दावीदनगरातल्या उत्खननात २००५ साली मातीचा एक इवलासा ठसा सापडला, शेलेम्याचा पुत्र यहूकल याच्या नावाचा. २००८ साली दुसरा मिळाला, पशहूराचा पुत्र गदल्या याचा. यिर्मयाच्या मृत्यूची मागणी करणाऱ्या चौघांत ही दोन्ही नावं आहेत. एबद-मलेखाचा ठसा मिळालेला नाही.  पण शहर पडेल तेव्हा तुझा जीव वाचेल, असा देवाचा शब्द यिर्मयाच्या पुस्तकात नावानिशी मिळाला तो त्याला. शहर पडलं आणि सिद्कीयाचे डोळे काढले गेले. यिर्मयाला पुढे त्याच्याच लोकांनी मर्जीविरुद्ध मिसरात नेलं. त्याच्या मृत्यूबद्दल बायबल एक अक्षर सांगत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धावंतांची एक यादी आहे. तिच्यात सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आगीचं बळ निमवणारे आहेत. आणि मग श्वास न घेता यादी उलटते. इतरांनी मार सोसला, दगड खाल्ले, ते करवतीनं चिरले गेले, मेंढरांची कातडी पांघरून गुहांतून भटकले. सुटलेले आणि न सुटलेले एकाच पंगतीला बसवले आहेत. वाचलेल्याची श्रद्धा मोठी आणि मेलेल्याची थिटी, असा हिशेब तिथे नाही.

म्हणून छळ सोसलेल्यांचे नुसते गोडवे गाणं मला पुरेसं वाटत नाही. संदेष्ट्यांची थडगी सजवणाऱ्यांना येशूनं काय सुनावलं, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मेलेल्या संदेष्ट्याला मान देणं फुकट असतं. कोणाचा आदर करायचाच असेल, तर तो टाक्यात जिवंत असताना, राजा वेशीत बसलेला असताना, चारचौघांत बोलून करावा. आणि दोर न्याल तेव्हा चिंध्या विसरू नका.