शाम्पूच्या बाटलीचा राग

स्वस्त व्हेंटिलेटर म्हणजे गरिबाच्या माथी मारलेला दुय्यम उपचार, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. जिल्हा रुग्णालयांतली यंत्रं सांभाळणं हे माझं काम. मुंबईच्या बड्या रुग्णालयात जे यंत्र आहे तेच नंदुरबारलाही हवं, असं मी बैठकांमध्ये तावातावाने मांडायचो. ढाक्याच्या डॉ. मोहम्मद जोबायर चिश्तींनी न्यूमोनियाच्या लेकरांसाठी शाम्पूच्या रिकाम्या बाटलीतून बबल सीपॅप, म्हणजे श्वासाला सतत हलका दाब देणारं साधन, तयार केल्याचं वाचलं, तेव्हा तर संतापच आला. गरिबाच्या पोराला बाटली?

त्या रागाला मी समतेचं नाव दिलं होतं. खरं तर तो महागड्या यंत्रावरचा आंधळा विश्वास होता. तीच यंत्रं तालुक्याला धूळ खाताना मी पाहत होतो. कुठे ऑक्सिजनला पुरेसा दाब नाही, कुठे सेन्सर मिळत नाही, कुठे चालवायला माणूसच नाही. तरी दोष मी गावालाच देत राहिलो, यंत्राला कधीच नाही.

या मताला तडा गेला तो एका नवजात कक्षात. तिथे एका बाळाला असाच बबल सीपॅप लावला होता. नाकात दोन बारीक नळ्या. उच्छ्वासाची नळी बाटलीतल्या पाण्यात ५ सेंटिमीटर बुडालेली. नळी जितकी खोल, तितका दाब, आणि त्या दाबामुळे फुप्फुसातले वायुकोश मिटत नाहीत. सिस्टर पलीकडच्या बाळाला औषध देत होत्या. त्यांनी मान वळवून बाटलीकडे पाहिलं. "सर, बुडबुडे थांबलेत. नळी सरकली असणार." हातातलं औषध संपवून त्या आल्या, नाकातली नळी नीट बसवली, पाणी पुन्हा खदखदू लागलं. त्याच कक्षातल्या व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की फोन मला यायचा. इथे मला कुणी काही विचारलंच नाही. इतकी वर्षं मी यंत्रांच्या किमती पाहिल्या. यंत्र बिघडलं तर कळणार कुणाला, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मग चिश्तींचा अभ्यास नीट वाचला. 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २०१५. बबल सीपॅपवरच्या ७९ मुलांपैकी ३ दगावली, कमी प्रवाहाच्या साध्या ऑक्सिजनवरच्या ६७ पैकी १०.

अर्थात, ज्याला स्वतःहून श्वासच घेता येत नाही त्याला व्हेंटिलेटरच लागतो. आणि आता दुसऱ्या टोकाला जाण्याचीही मला भीती वाटते. मलावीतल्या सालिमा जिल्हा रुग्णालयात, डॉक्टरांची रोजची देखरेख नसलेल्या वॉर्डात, अत्यवस्थ मुलांवर हीच पद्धत वापरली गेली. २०१९ मध्ये निकाल आला. बबल सीपॅपवरची ३२१ पैकी ५३ मुलं गेली, साध्या ऑक्सिजनवरची ३२३ पैकी ३५. त्या निकालाचा तक्ता मी अजून टेबलावर ठेवला आहे.

यंत्रं घडवणाऱ्या तरुण इंजिनिअरांना म्हणून कळकळीची विनंती आहे. आराखडा काढण्याआधी एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला बसा. वीज किती वेळा जाते, सिलिंडर कोण बदलतं आणि बाळाकडे लक्ष कोण ठेवतं, ते आधी लिहून घ्या.