पिंपे बांधणाऱ्याचा पणतू

आमच्या आजोबांच्या शिसवी कपाटात, जुनी पंचांगे आणि जमाखर्चाच्या कीर्दी यांच्या शेजारी, न. चिं. केळकरांचा ‘आयर्लंडचा इतिहास’ असे. आणि मे महिन्याच्या सुटीत, दुपारी घर निजले म्हणजे, मी तो काढून माजघरातल्या थंड फरशीवर पालथा पडून वाचीत असे. त्यातले राजकारण त्या वयात मला उमगले नाही; पण कूळ, खंड, जमीनदार, बेदखली हे शब्द आमच्या चावडीवर नित्य कानी पडणारे असल्यामुळे तो मुलूख मला परका असा कधी वाटलाच नाही. पुढे २३ नोव्हेंबर १९६३ च्या सकाळी, पुण्याच्या वसतिगृहात, रेडिओवर अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची वार्ता ऐकून आम्ही मुले सुन्न होऊन बसलो. आणि आठवड्याभराने आजोबांचे जे पोस्टकार्ड आले, त्यात घरची खुशाली लिहून झाल्यावर कोपऱ्यात एवढेच होते : ‘मुलगा मूळचा आयर्लंडचा.’ त्या एका ओळीने मला त्या कुळाच्या मागे लावले.

कूळ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्या भाषेत वंशालाही कूळ म्हणतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. वेक्सफर्ड परगण्यातील डंगन्सटाउनच्या केनेडींना दोन्ही अर्थ लागू होते. पॅट्रिक केनेडी हा धाकटा मुलगा. जमीन खंडाची, आणि तीही थोरल्याकडे जाणार, म्हणून त्याने जवळच्या न्यू रॉस बंदरात, बिअरच्या भट्टीवर, लाकडी पिंपे बांधण्याची विद्या हस्तगत केली. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, आणि त्या एकाच पिकावर पोट असलेल्या रयतेची जी दशा झाली, तीत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने आणि तापाने दगावली व तितकीच, किंबहुना अधिक, देशोधडीला लागली. आणि याच काळात धान्य व जनावरे भरलेली जहाजे त्याच बंदरांतून इंग्लंडकडे रवाना होत होती. १८९६ च्या दुष्काळात सारावसुलीसाठी दारात येणाऱ्या शिपायांच्या हकिकती आजोबांकडून ऐकल्या असल्यामुळे हा मजकूर मला एका बैठकीत कधी वाचवला नाही.

बटाटा करपला त्याच दशकाच्या अखेरीस पॅट्रिक ईस्ट बॉस्टनला उतरला. जहाजे बांधणाऱ्या त्या बंदरात पाणी, पीठ, खारवलेले मांस, मद्य, सारे पिंपांतूनच जाई, त्यामुळे त्याच्या हातांना काम मिळाले. हे काम कसे असते ते मी अमेरिकेत आल्यावर एका जुन्या पद्धतीच्या कार्यशाळेत पाहिले. मध्ये रुंद आणि टोकांना निमुळत्या तासलेल्या ओकच्या फळ्या कारागीर एका कड्यात उभ्या रचतो. आत ढलप्यांचा लहानसा जाळ करतो. बाहेरून फळ्या ओल्या करीत राहतो. आणि लाकूड नरमले की ते वाकवून दुसऱ्या टोकावर लोखंडी कडी ठोकून बसवतो. खिळा नाही, सरस नाही. प्रत्येक फळी शेजारच्या फळीच्या दाबाने उभी. आमच्या गावी लोहार गोवऱ्यांच्या आगटीत तापवलेली धाव गाडीच्या चाकावर चढवून वर पाणी ओतीत असे, तेव्हा लाकूड आवळले जाताना जो करकर आवाज होई, तोच आवाज इतक्या वर्षांनी त्या परक्या कार्यशाळेत ऐकून मी क्षणभर जागच्या जागी खिळलो.

पॅट्रिकला हे काम दहा वर्षेही करता आले नाही. २२ नोव्हेंबर १८५८ रोजी, अवघ्या पस्तिशीत, तो वारला. आणि १०५ वर्षांनी त्याच तारखेला डॅलसमध्ये त्याच्या पणतूला गोळ्या लागल्या.

या घराण्याविषयी ग्रंथांचे ढीग पडले आहेत. परंतु माझे मन रेंगाळते ते पॅट्रिकच्या विधवेपाशी. ब्रिजेटच्या पदरी तीन मुली आणि वर्षाच्या आतला एक मुलगा होता. आधीचा एक मुलगा तान्हेपणीच गेला होता. बॉस्टनच्या श्रीमंत घरांत त्या काळी आयरिश मोलकरणी इतक्या होत्या, की मालकिणी त्यांतल्या कोणालाही सरसकट ‘ब्रिजेट’ म्हणून हाक मारीत. नोकरीच्या जाहिरातींत आयरिशांनी अर्ज करू नये अशी तळटीप असे. आणि १८५४ साली तर स्थलांतरितांच्या द्वेषावर उभ्या राहिलेल्या पक्षाने मॅसॅच्युसेट्सचे विधिमंडळ जवळजवळ सबंध काबीज केले होते. अशा शहरात या बाईने मोलमजुरी केली, पै पै साठवून बंदराकाठी बॉर्डर स्ट्रीटवर सुईदोऱ्यापासून वाणसामानापर्यंत सारे विकणारे दुकान उभे केले, आणि पुढे त्याच मिळकतीतून मुलाला दारूचा गुत्ता घेण्यास हातभार लावला. १८८८ च्या डिसेंबरात ती वारली, तेव्हा तिचा नातू जोसेफ तीन महिन्यांचा होता.

बाकीचे सर्वश्रुत आहे. गुत्तेवाला मुलगा राज्याच्या विधिमंडळात गेला. नातू हार्वर्डमधून बाहेर पडून १९३८ साली इंग्लंडच्या दरबारी अमेरिकेचा वकील झाला. आणि पणतू १९६३ च्या जूनमध्ये न्यू रॉसच्या धक्क्यावर उभा राहिला, तेव्हा आपला पणजोबा येथून ईस्ट बॉस्टनला पिंपे बांधण्यासाठी गेला, हे त्याने हजारो लोकांसमोर अभिमानाने सांगितले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याने काँग्रेसकडे जो खलिता पाठवला, त्याच्याशी माझा स्वतःचा संबंध पोहोचतो. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे आयर्लंडला वर्षाकाठी सतरा हजारांहून अधिक परवाने मिळत, आणि सबंध हिंदुस्थानाला शंभर. जन्मभूमीवरून माणसाची पात्रता ठरवणारी ही पद्धत रद्द करावी, अशी केनेडींची मागणी होती. ते गेल्यावर धाकट्या भावाने, एडवर्ड यांनी, सिनेटमध्ये ते विधेयक तडीस नेले आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी त्यावर सही केली. त्या कायद्याने स्वतःच्या पूर्वजांच्या देशाची सवलत जाणार होती. ती जाऊ देऊन या भावांनी आमच्यासारख्यांना दार उघडले, ही गोष्ट मला त्यांच्या साऱ्या कीर्तीहून थोर वाटते. १९७१ साली मी जो परवाना हातात घेऊन विमानात चढलो, तो त्या शंभरांतला नव्हता. आजोबा तोवर निवर्तले होते. त्यांना हे सांगायचे राहून गेले.

बॉस्टनचा विमानतळ ईस्ट बॉस्टनमध्येच आहे. ज्या धावपट्टीवर मी प्रथम उतरलो, तिच्यापासून ब्रिजेटच्या दुकानाचा रस्ता हाकेच्या अंतरावर, हे कळायला मला वीस वर्षे लागली. आता पुण्याहून कोणी येणार असले, म्हणजे मी घरून तासभर आधीच निघतो, बॉर्डर स्ट्रीटला गाडी उभी करतो आणि विमानाची वेळ होईपर्यंत पाण्याच्या कडेने चालत राहतो.