घासून गेलेली अक्षरं

कोल्हापुरात तलवारीशी पहिली ओळख तालमीत होते. शिवाजी पेठेत वाढलेल्या त्या मुलाचीही तशीच झाली. आधी लाठी, मग फरी-गदका, मग पट्टा. वस्तादांनी त्याला पट्ट्याने लिंबू कापायला शिकवलं. पण हातातलं पातं कुठल्या भट्टीत घडलं, हा विषय तालमीत कधी निघालाच नाही. हत्यारं वर्षभर भिंतीवर असत. खंडेनवमीला खाली उतरत, चिंच-राखेने घासून लख्ख होत, झेंडूच्या माळा घालून पूजेला बसत आणि पुन्हा भिंतीवर जात.

पुढे तो शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. धातूत कार्बन किती, तो किती वेगाने थंड झाला, त्यावर कडकपणा कसा ठरतो, हे रोजचं काम झालं. तिथेच धातुशास्त्राच्या एका पुस्तकात त्याला जपानी कताना भेटली.

तापवण्याआधी जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग तांबडंलाल पातं पाण्यात जातं. धार क्षणात थंड होते आणि मार्टेन्साइट बनून कठीण होते. पाठ सावकाश थंड होते, तिथे पर्लाइट बनतं आणि ती चिवट राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी धुरकट लहर उमटते, तिला हामोन म्हणतात. प्रत्येक घराण्याची लहर वेगळी, त्यामुळे जाणकार ती पाहून घडवणाऱ्याची परंपरा ओळखतो. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोमध्ये तातारा भट्टी 1977 साली पुन्हा पेटवण्यात आली. तिथे आजही हिवाळ्यात तीन दिवस-तीन रात्री लोहवाळू आणि कोळसा घालत तलवारींसाठीचं तामाहागाने पोलाद काढतात. फाउंड्रीत रात्रपाळी केलेल्या माणसाला त्या जागरणाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

त्याला सगळ्यात जास्त भिडला तो मात्र गंज. कतानाची मूठ मेकुगी नावाच्या बांबूच्या एका खुंटीवर बसते. खुंटी काढली की मूठ सुटते आणि आतला नाकागो, म्हणजे पात्याचं शेपूट, उघडं पडतं. त्यावर बहुधा लोहाराची सही असते आणि शतकांचा काळसर गंज असतो. तो गंज कुणी घासत नाही. त्याचा रंग आणि पोत पाहून वय जोखतात. गंज काढलेल्या तलवारीची किंमत पडते, कारण तिची साक्षच पुसलेली असते.

इथून त्याची नजर आपल्या हत्यारांकडे वळली. जपानी तलवार कोल्हापुरात विकत घेऊन भिंतीवर लावण्याजोगी वस्तू नव्हे, आणि त्याला ती लावायचीही नव्हती. त्याने संग्रह सुरू केला तो नोंदींचा. पन्हाळा, कागल, गडहिंग्लजकडच्या ज्या घरांतून परवानगी मिळेल, तिथे पात्याची लांबी-रुंदी, मुठीची घडण, परजेचा बाक, पाठीवरच्या खुणा, सगळं वहीत उतरवायचं आणि फोटो काढायचे. मराठ्यांच्या धोप आणि पट्ट्यांत युरोपातून आलेली सरळ पाती पुष्कळ. त्यांना इथली मूठ राळेने पक्की बसवलेली, म्हणून शेपूट पाहायला मिळत नाही. जे काही वाचायचं ते पात्यावरच, आणि नेमकं तेच लोक घासून टाकतात. अलीकडे तर बफिंग मशीनवर धरतात. एका घरातल्या धोपेवर आजोबांच्या आठवणीप्रमाणे ‘काहीतरी लिहिलेलं’ होतं. ती एका कारखान्यातून आरशासारखी होऊन आली. त्या दिवशी तो फार हळहळला.

पोलादाचं एक बरं असतं. दक्षिण भारतातल्या मुशीतलं वूट्झ पोलाद इराणपर्यंत जात असे. त्याच्यातली जौहर ही लहरदार नक्षी बफिंगने झाकली, तरी जाणकाराला आम्ल लावून ती पुन्हा उठवता येते, कारण ती धातूच्या पोटात असते. कोरलेलं अक्षर किंवा सोन्याचं लिखाण मात्र एकदा गेलं की गेलं.

म्हणून 2025 साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली, तेव्हा त्याने आधी फोटो मोठा करून पाहिला तो तिच्या पाठीचा. पातं युरोपी आणि त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव. ती चार अक्षरं घासली गेली असती, तर ती एक अनाम फिरंग, म्हणजे युरोपी पात्याची तलवार, म्हणून विकली गेली असती. ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवारही अशीच युरोपी पात्याची. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांनी ती 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सना दिली. ती परत यावी ही मागणी त्याचीही आहे. पण गावागावांत जे अजून आहे, ते आपणच पुसतोय, याचं त्याला जास्त वाटतं.

आता तो नवरात्राआधी तालमींत फिरतो. चिंच नको, राख नको, मशीन तर नकोच. मऊ सुती फडकं आणि पातळ तेल पुरे, पूजा तेवढ्याने अडत नाही, असं पोरांना सांगतो. पोरं ऐकतात, आणि भिंग मागून घेतात. परवा त्यांनीच एका पट्ट्यावर धावत्या प्राण्याची पुसट खूण शोधली. जर्मनीतल्या पासाऊच्या पात्यांवरचा लांडगा असा दिसतो. पण तिथल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनी तो उचलला आणि युरोपी खुणांची नक्कल आपल्याकडचे लोहारही करत. खूण कुठली, याचा निकाल अजून व्हायचा आहे. पट्टा तेल लावून ठेवलाय.