मयूर विहारच्या उन्हातली 'ऊन'

दिल्लीत नव्याने संसार मांडलेल्या मराठी गृहिणीला शेजारीण विचारते, "ऊन ले आईं?" आणि ती बिचारी खिडकीतून आभाळाकडे पाहू लागते. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, सलाई म्हणजे विणायची सुई. फंदा म्हणजे चक्क टाका! एवढे तीन शब्द कळले, की यमुनेपलीकडच्या मयूर विहारमधला हिवाळा आपलासा वाटू लागतो.

दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे आणि सहकारी सोसायट्या यांची ही वसाहत १९८०च्या दशकात आकाराला आली. तिचे तीन फेज आणि त्यांत अनेक 'पॉकेट'. इमारतींच्या मध्ये छोट्या बागा आहेत. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि तळमजल्यावरच्या घरात भरदुपारीही बोटे आखडतात. मग धुके विरले की सोलायचे मटार, शेंगदाणे आणि विणकामाच्या पिशव्या घेऊन बायका बागेत येतात. पूर्वीइतक्या नव्हे, लुधियानाच्या तयार स्वेटरांनी घरोघरच्या सुया कमी केल्या. पण नातवंडासाठी नक्षीचा दुरंगी स्वेटर विणण्याची हौस अजून आहे.

खरी कसोटी रंग निवडताना लागते. लाल आणि गर्द हिरवा गुंडा शेजारी ठेवला तर किती उठून दिसतात! विणल्यावर मात्र नक्षी हरवते. कारण बारीक नक्षी डोळ्यांना दिसते ती फिक्या-गडदपणामुळे, आणि हे दोन्ही रंग सारखेच गडद. तुम्ही म्हणाल, हिरव्या पैठणीला लाल काठ शोभतोच की! शोभतो, पण तो काठ रुंद असतो आणि त्यात जर असते. स्वेटरची फुले चार-पाच टाक्यांची. म्हणून मोरपंखीजवळ बदामी घ्यावा, मरूनजवळ मोतिया. डोळे किलकिले करून पाहावे, किंवा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. दोन गुंडे एकसारखे करडे दिसले, तर ती जोडी नको.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरचे 'फेअर आयल' स्वेटर बहुरंगी असतात, पण परंपरेने एका ओळीत रंग दोनच. न विणलेला धागा पाठीमागून न्यायचा, ओढायचा नाही. पाच टाक्यांहून लांब गेला तर मध्ये अडकवून घ्यायचा, नाहीतर बाळाची बोटे त्यात गुंततात.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू काळाच भासतो. गुंडा बाहेर उन्हात आणून पाहावा. धुक्याच्या दिवशी ही खरेदीच टाळावी. एका रंगाची सगळी लोकर एकाच लॉटची घ्यावी. आधी तीस टाक्यांचा तुकडा विणून धुऊन पाहावा, कारण लालाने पांढऱ्याला गुलाबी केले तर महिन्याची मेहनत गेली. तेवढ्यात थंडीही सरते, आणि पुढच्या वर्षी मूल त्या मापात बसत नाही.

दुपारी शाळेची बस आली की अर्धवट विणलेला भाग मुलाच्या पाठीला लावून पाहिला जातो. ते चुळबुळत उभे राहते. तीन-साडेतीनला इमारतींची सावली बागेवर सरकते आणि गुंडे पिशवीत जातात.