ओरखड्यांचे निवारण
पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील पाण्यावर मत्स्यपेटी बाळगणाऱ्यास काठाशी साचणाऱ्या पांढऱ्या क्षारांचा बंदोबस्त सतत करावा लागतो, आणि काच जी खरवड सहज सोसते तिच्याच खुणा मृदू अ‍ॅक्रिलिक मात्र अंगावर कायम वागवते. अकोल्याहून आणलेली अशीच ओरखडलेली एक अ‍ॅक्रिलिक पेटी आज अमरावतीस रिकामी करून घासावयास घेतली. ६०० क्रमांकाच्या वॉटरपेपरपासून आरंभ करून ८००, १०००, १५०० असे २००० पर्यंत चढत जावे, प्रत्येक टप्प्यास हाताची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे पूर्वीच्या कागदाच्या रेघा लोपल्या की नाहीत याचा निवाडा डोळ्यांस करता येतो. पाणी मात्र अखंड असावे, कारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडणारे अ‍ॅक्रिलिक घर्षणाच्या उष्णतेनेही बिघडते. एका ओरखड्यापायी सभोवतालचा सारा भाग दुधाळ होतो, ती अवस्था धीर खचविणारी खरी, तरी मला तीच सर्वांत मोलाची वाटते, कारण तेथे राहिलेली रेघ पुढे कितीही पॉलिश केले तरी जात नाही. आतल्या अंगाचे बारीक व्रण, पाण्याचा व अ‍ॅक्रिलिकचा वक्रीभवनांक १.३३ व १.४९ असा निकट असल्यामुळे, पेटी भरताच बरेचसे मावळतात. सबब आतून फार खोल घासण्याचा इरादा मी सोडला आहे.