डिनर, ड्रामा आणि पोलादपूर

गेल्या वर्षी मुंबईतल्या एका हॉटेलात ‘मर्डर मिस्ट्री डिनर’ला गेले होते. सूप संपेपर्यंत खून होतो आणि डेझर्ट येईपर्यंत तुम्ही खुनी शोधायचा, असा मामला. आमच्या टेबलाने एका वेटरवर आळ घेतला. तो बिचारा खराच वेटर निघाला. बिल आल्यावर खून नक्की कोणाचा झाला तेही कळलं.

हा किस्सा मी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतल्या मित्राला रंगवून सांगत होते. तो म्हणाला, ‘‘गणपतीत आमच्या गावी ये. जेवण फुकट, शो रात्रभर, आणि प्रेक्षकांनाही सोडत नाहीत.’’

मग काय, गौरीपूजनाच्या दिवशी पहाटे निघालो. मुंबई-गोवा हायवेविषयी मी काही बोलणार नाही, ज्याची त्याची कंबर. महाडला चवदार तळ्यापाशी थांबलो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी याच तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाठ्यपुस्तकात वाचलेली जागा चारी बाजूंनी दुकानं-घरं असलेल्या भर गावात आहे, हे बघून उगाच धक्का बसतो. पुढे सावित्रीवरचा नवा पूल लागला. इथलाच ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्यांसकट वाहून गेला होता. गाडीत मोठ्याने गाणी चालू होती, पुलावर ती कोणीतरी न सांगता बंद केली.

पोलादपूरहून महाबळेश्वरचे टुरिस्ट आंबेनळी घाट चढतात. आम्ही एका आतल्या रस्त्याने वाडीवर पोचलो. हिरवंगार, ढगाळ, मोबाइलला रेंज नाही. थोडक्यात, स्वर्ग!

आता डिनर. अंगणात पंगत, पुढ्यात केळीचं पान. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, अळूची भाजी, मोदक. वाढणाऱ्या काकू ‘‘घे गो बाय, लाजू नको’’ म्हणत दोन मोदक जास्तीचे टाकून पुढे सरकतात. नाही म्हणायची सोय नाही. इंटरॅक्टिव्ह कार्यक्रम इथूनच सुरू होतो म्हणा ना.

दहाच्या सुमारास ढोलकी वाजली. याला म्हणतात शक्ती-तुऱ्याचा सामना. नाच जाखडीचा, म्हणजेच बाल्या नाच. मधे शाहीर आणि वाजवणारे बसतात, भोवती पायात घुंगरू बांधलेले पोरगे गोल फिरत नाचतात. एक पार्टी शक्तीवाल्यांची, ती पार्वतीची थोरवी गाणार. दुसरी तुरेवाल्यांची, ती शंकराची. आधी गण, मग गवळण, आणि मग खरी मजा, सवाल-जवाब. एका शाहिराने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच रात्री गाण्यातूनच उत्तर द्यायचं. पब्लिक ओरडून साथ देणार, बक्षिसाच्या नोटा देणार, माइकवर नावं पुकारली जाणार. माझ्या पन्नास रुपयांवर ‘‘मुंबईच्या टीव्हीवाल्या मॅडम’’ अशी घोषणा झाली. मी टीव्हीवाली नाही, पण टाळ्या पडल्या म्हटल्यावर कोण दुरुस्ती करतंय!

मित्राची वाडी तुरेवाल्यांची. यंदा दोन पोरांना रजा मिळाली नाही म्हणून नाचणारे कमी पडले, आणि आमच्या टीम लीडरने सहा वर्षांनी घुंगरू बांधले. त्याचे वडील शाहीर. तीस वर्षांची गाण्यांची वही मांडीवर, आवाज मात्र बसलेला.

बारानंतर शक्तीवाल्या बुवांनी पुराण सोडलं आणि मोर्चा चाकरमान्यांकडे वळवला. गावी घर बांधलंत, टाइल्स लावल्यात; वर्षभर त्यात राहतं कोण, पाल? देवाला दिवा लावतं कोण? हास्याचा स्फोट झाला आणि लगेच विरला. कारण समोरच मित्राचं टाइल्सवालं घर होतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरातल्या केवनाळे आणि सुतारवाडीवरही डोंगर खाली आला. तेव्हापासून इथे जोराचा पाऊस लागला की लोक रात्रभर जागे असतात. आईवडिलांना ऐरोलीला न्यायचं, हे मित्राने ठरवून टाकलं होतं. वडिलांनी अजून होकार दिला नव्हता. बुवांना यातलं काही ठाऊक नसावं, पण बाण बरोब्बर बसला होता.

काकांनी वहीची पानं उलटली. असल्या प्रश्नाचं उत्तर तीत असणार कुठून? पोरगे वेळ काढण्यासाठी नाचत राहिले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मित्र घामाने निथळत होता आणि वडिलांकडे बघत नव्हता.

मग मागे झांज वाजवणारी त्याची चुलतबहीण पुढे सरकली. महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, रोज एसटीने जाऊन-येऊन. तिने काकांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी माइक तिच्याकडे दिला. चाल जुनीच, शब्द तिचे. भावार्थ असा: बुवा, त्या घराची किल्ली माझ्याकडे असते, दिवा मीच लावते. गेलेले तुम्ही मोजलेत, राहिलेली मात्र दिसली नाही. रात्रभर शक्तीचं गाता, आणि शक्ती समोर बसलीय तर ओळखता येत नाही?

अख्खा मांडव उभा! शक्तीवाल्यांना त्यांच्याच शक्तीने चीत केलं होतं. बुवा दिलदार माणूस, स्वतः उठून तिला एकशे एक रुपये दिले आणि पुढच्या कडव्यात नवा सवाल टाकला. सामना पाचपर्यंत चालला.

तुम्हालाही जायचं असेल तर ओळखीच्या चाकरमान्याला गणपतीआधीच पकडा. तिकीट नसतं; सुट्या नोटा, छत्री आणि शाल मात्र न्या. आणि जागत बसा, रंग बारानंतरच चढतो.

सकाळी चहा घेत होतो. बहीण शिफ्टसाठी निघाली होती. डब्याशेजारी सॅकमधून काकांची वही डोकावत होती. काका ओसरीवर बसले होते, काही बोलले नाहीत. मित्राने ‘‘ऐरोलीचं काय ठरलं?’’ असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘अगो, पळ, एसटी चुकेल.’’