बावीस हजारांचा उजेड

आमच्या टीममध्ये मी ‘वीक नेटवर्क’ म्हणून फेमस होतो. दर मंगळवारी क्लाएंटबरोबर व्हिडिओ कॉल सुरू झाला, की बरोबर त्याच मिनिटाला माझं नेटवर्क मान टाकायचं आणि कॅमेरा बंद व्हायचा. तेही ऐरोलीच्या चकाचक आयटी पार्कमध्ये, जिथे लिफ्टमध्येसुद्धा फुल रेंज मिळते! दोन वर्षं मी हे खपवलं. कोणी काही बोललं नाही, कारण कारण सगळ्यांना माहीत होतं. ते माझ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

पिंपल्स. शाळेच्या पुस्तकातला शब्द ‘तारुण्यपिटिका’. दहावीत आल्या तेव्हा आई म्हणाली, कॉलेजात गेलास की जातील. कॉलेजात म्हणाली, नोकरी लागली की जातील. नोकरी लागल्यावर आत्याने परस्पर मुदतवाढ देऊन टाकली, लग्न झालं की जातात! आता मी अठ्ठावीसचा झालो. लग्नाचं सोडा, मॅट्रिमोनी साइटवर टाकायला धड फोटो नव्हता.

घरगुती उपायांत काहीही बाकी ठेवलं नव्हतं. चंदन उगाळून झालं, जायफळ दुधात उगाळून झालं, मुलतानी माती, मसुराच्या डाळीचं पीठ, कडुलिंबाचा पाला. रविवारी सकाळी चेहऱ्यावर हिरवा लेप थापून मी दूध आणायला दार उघडलं होतं, त्या दिवसापासून दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. मुलींना निदान या विषयावर बोलायला मैत्रिणी तरी असतात. मुलाने ‘माझ्या चेहऱ्याचं काहीतरी करायला हवं’ म्हटलं, की मित्र विचारतात, ‘काय रे, हिरो व्हायचंय का?’ त्यात रोजची दाढी. फोडांमधून ब्लेड फिरवणं म्हणजे पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडवर बाइक चालवण्यासारखं. खड्डा चुकवायचा म्हणून दुसऱ्यात जायचं.

मग कोपरखैरण्यातल्या आमच्या सलूनवाल्याने एका ट्यूबचं नाव सांगितलं. ‘साहेब, आठवडाभर लावा, फरक बघा.’ मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही ट्यूबवरची लाल रेघ पाहिली नाही. आणि खरं सांगतो, पहिला महिना जादू झाली! रंग उजळला, फोड बसले. आईने दृष्ट काढली. दुसऱ्या ट्यूबनंतर चेहरा उन्हात चुरचुरायला लागला. चौथीनंतर सगळीकडे एकसारखे बारीक लाल फोड आले. आणि ट्यूब एक दिवस जरी बंद केली, तरी असा भडका उडायचा की मी मुकाट्याने पाचवी आणायचो. आठ महिने हे चाललं.

अशा वेळी माणसाला ‘लेझर’ हा शब्द देवासारखा भेटतो. वाशीत एका क्लिनिकची जाहिरात होती, त्यात गुळगुळीत गालांचा एक तरुण माझ्याकडेच बघून हसत होता. आत गेलो. एसी, लिंबाच्या वासाची मेणबत्ती, पाण्याचा कारंजा. डॉक्टर दिसायच्या आधी ‘काउन्सेलर’ भेटली. तिने टॅबवर माझा फोटो काढला, तो मोठा करून मलाच दाखवला (यापेक्षा क्रूर सेल्स टेक्निक मी आजवर पाहिलेलं नाही) आणि पॅकेज सांगितलं. चार सेशन्स आयपीएल, दोन ब्लू लाइट, बावीस हजार रुपये, ईएमआयची सोय. डॉक्टर आले, दोन मिनिटं बसले, गेले. मी चेहऱ्याला काय लावतो, हे कोणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ट्यूब त्या वेळी माझ्या बॅगेतच होती.

आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हे, इंटेन्स पल्स्ड लाइट. खरं तर तो लेझरच नाही. लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एका रांगेत चालणारा प्रकाश. आयपीएल म्हणजे अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत, पुढे फिल्टर लावून हवा तेवढा सोडलेला. पण बोर्डावर सगळ्याला ‘लेझर’च म्हणतात. डोळ्यांवर गॉगल, गालावर थंडगार जेल, मग पट्कन एक चमक आणि रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका. फट्, फट्, फट्. मिटल्या डोळ्यांतही उजेड कळतो. पहिल्या दोन सेशन्सनंतर मला बरं वाटलं, किंवा बरं वाटावं इतके पैसे मी भरले होते.

तिसऱ्या सेशनच्या दुसऱ्या दिवशी डाव्या गालावर तीन तपकिरी चौकोन उमटले. अगदी यंत्राच्या खिडकीच्या आकाराचे, टपालाची तिकिटं चिकटवल्यासारखे. फोन केला तर ‘होतं असं, चार दिवसांत जाईल’. चार आठवडे झाले, तिकिटं तिथेच. आता माझ्या चेहऱ्यावर पिंपल्स होते, शिवाय त्यांचा पत्ता लिहायची सोय होती.

त्या काळात मी ऑफिसची तीन लग्नं आणि एक प्रमोशनचा इंटरव्ह्यू चुकवला. इंटरव्ह्यू व्हिडिओवर होता. हे लिहिताना हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं. रात्री जेवण झालं की मी खोलीतला दिवा बंद करून बसायचो.

एका शनिवारी बाबा म्हणाले, ‘माझं बीपीचं चेकअप आहे नेरूळला, चल सोबत.’ बाबांना बीपीच्या चेकअपला सोबत लागत नाही. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं त्यांनी पाळ्या केल्या, ताप अंगात घेऊन केल्या. पण गेलो. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. बीपी दहा मिनिटांत झालं आणि बाबा मला न विचारता त्वचारोगाच्या ओपीडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. केसपेपर आधीच काढलेला होता, माझ्या नावाचा.

डॉक्टर मॅडम पस्तिशीच्या असतील. एसी नव्हता, मेणबत्ती तर नव्हतीच. त्यांनी मला खिडकीजवळच्या उजेडात बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘काय लावता?’ मी बॅगेतून ट्यूब काढून दिली. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. ‘स्टेरॉइड आहे यात. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. रोज अशा चार ट्यूबा माझ्या टेबलवर येतात.’

नंतर मी वाचलं, तेव्हा कळलं की या प्रकाराला आपल्याकडच्या डॉक्टरांनी नावच देऊन ठेवलंय, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. २०११ मध्ये भारतातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, तर ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध टास्क फोर्स काढला, २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आणि मला ती सलूनवाल्याच्या सल्ल्यावर मिळत होती! स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लालसर होते, सूज दबते आणि औषध थांबलं की दुपटीने उसळते. अशा चेहऱ्यावर तीव्र प्रकाश मारायचा म्हणजे भाजलेल्या जागी शेक देणं. त्यात आपला गव्हाळ, सावळा रंग. आयपीएलचा उजेड त्वचेतलं मेलॅनिनही शोषून घेतं, म्हणून गोऱ्या कातडीवर चालणारी सेटिंग्ज आपल्याकडे डाग पाडू शकतात. माझे चौकोन तिथून आले होते.

‘घरात कोणाला इतके मुरूम होते?’ त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मला होते,’ बाबा म्हणाले.

इथे थांबून सांगायला हवं. बाबांचा चेहरा खड्ड्यांनी भरलेला आहे. आमच्या सगळ्या नात्यात ते ‘देवीचे वण’ म्हणून प्रसिद्ध आहेत. बाबांचा जन्म साताऱ्याकडचा, १९६० चा. देशात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, त्यामुळे हिशोब जुळत होता आणि कोणी शंका घेतली नाही. त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा रुपयाएवढा वण आहे. लस टोचलेल्या माणसाला इतक्या देवी आल्या कशा, हे विचारायचं अठ्ठावीस वर्षांत मला सुचलं नाही.

‘सतराव्या वर्षापासून होते,’ बाबा डॉक्टरांना सांगत होते, माझ्याकडे न बघता. ‘गळू व्हायचे मोठाले. पिळून काढायचो. पंचविशीनंतर थांबले.’

‘काका, खोल मुरमांचे खड्डे पडण्याचा कल घराण्यात असू शकतो. म्हणून विचारते.’

परतीच्या गाडीत जुईनगर गेल्यावर बाबा बोलायला लागले. गावात तेव्हा पिंपल्स म्हणजे पोराला गरमी आहे, पोराचं मन ताळ्यावर नाही, असं समजायचे. स्थळं यायला लागली तशी आजीने एका पाहुण्याला सांगून टाकलं, ‘लहानपणी देवी आल्या होत्या.’ देवी म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, उलट हात जोडतात. पुढे तेच चालू राहिलं. ‘तुझ्या आईला माहीत आहे,’ एवढंच म्हणाले. आणि मग, ‘तू अंधारात बसायला लागलास, तेव्हा मला राहवेना.’ तुर्भे आलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आता पुढचं भराभर सांगतो. ट्यूब बंद. पहिले सहा आठवडे चेहरा एवढा भडकला की मी आठवडाभर वर्क फ्रॉम होम टाकलं. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून तग धरला. साधा फेसवॉश, सनस्क्रीन, काही आठवडे अँटिबायोटिक गोळ्या, मग रात्री अ‍ॅडापलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल. तीन महिन्यांनी मीच विचारलं, ‘मॅडम, लाइट?’ त्या हसल्या. ‘लाइट पळून जात नाही. आता चालेल.’

त्यांनी दिली ती निळी-लाल एलईडी. चटका नाही, जेल नाही, वीस मिनिटं गॉगल लावून पडून राहायचं. गणपतीच्या मखरात झोपल्यासारखं वाटतं. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. याचं शास्त्र मात्र मस्त आहे. मुरमांत वस्तीला असलेले जंतू पॉर्फिरिन नावाची द्रव्यं बनवतात. साधारण ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की ही द्रव्यं तो शोषतात, त्यातून ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात आणि जंतू आपल्याच मालाने मरतो. लाल प्रकाश थोडा खोल जाऊन सूज उतरवतो. उजेडाने त्वचेचे रोग बरे करायची कल्पना काही नवी नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल १९०३ चं नोबेल मिळालं होतं. एलईडीत अल्ट्राव्हायोलेट नसतं, पण गॉगल हवाच. २०१९ मध्ये घरी वापरायचा एक लोकप्रिय लाइट मास्क कंपनीने डोळ्यांना संभवणाऱ्या धोक्यामुळे बाजारातून परत मागवला होता.

फरक पडला का? पडला. लाल, दुखरे फोड निम्म्यावर आले. नाकावरचे ब्लॅकहेड्स जागचे हलले नाहीत. दोन महिन्यांनी काही पाहुणे परतही आले. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ‘शेजारी राहणाऱ्यांना घालवलं, घर तर तेच आहे ना?’ घर म्हणजे तैलग्रंथी. आणि जेल आधीपासून चालू होतं, तेव्हा श्रेय नेमकं कोणाचं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरांचंही यावर एकमत नाही. २००३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ४१ जणांवर पल्स्ड डाय लेझर वापरून मुरूम कमी झाल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. लगेच २००४ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ४० जणांच्या अर्ध्याच चेहऱ्यावर पल्स्ड डाय लेझरच मारला, आणि दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. २०१६ मध्ये कॉक्रेनच्या मंडळींनी प्रकाशोपचारांच्या ७१ चाचण्या, ४,२११ माणसं एकत्र मांडली आणि भक्कम पुरावा नाही, असंच लिहिलं. अमेरिकेत २०२२ मध्ये थेट तैलग्रंथींना तापवणाऱ्या १७२६ नॅनोमीटरच्या लेझरला मंजुरी मिळाली आहे. तो माझ्या बजेटच्या एवढा बाहेर आहे, की मी किंमत विचारलीसुद्धा नाही.

तपकिरी चौकोन फिके व्हायला नऊ महिने लागले. वाशीच्या क्लिनिकमधली उरलेली तीन सेशन्स तशीच पडून आहेत, त्यांचा मेसेज अजून येतो. मी मंगळवारी कॅमेरा लावतो. पहिल्यांदा लावला तेव्हा क्लाएंट म्हणाला, ‘ओह, तू असा दिसतोस!’ मी ‘हो’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात फॉलोअपला बाबा पुन्हा सोबत आले, बीपीचं निमित्त न करता. मॅडमनी सांगितलं, की खड्ड्यांसाठी वेगळा लेझर असतो, फ्रॅक्शनल. तो चालू मुरमांवर नाही, मुरूम पूर्ण शांत झाल्यावर जुन्या वणांवर वापरतात. त्वचेला बारीक छिद्रं पाडून ती नव्याने भरून यावी म्हणून. मग बाबांकडे बघून म्हणाल्या, ‘काका, वयाची अट नाही हं.’

‘आता मला कोणाला दाखवायचंय?’ बाबा म्हणाले आणि उठले.

गाडीत गर्दी होती. कोपरखैरणे यायच्या आत त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

‘ते खड्ड्यांचं किती घेतात म्हणाल्या बाई?’

मी आकडा सांगितला.

बाबांनी जरा विचार केला. ‘एका गालाचे की दोन्ही?’